हँडल हातात आलं!

लॅपटॉप हँग झाला की आपण ऑफिसातल्या आयटीवाल्याच्या नावाने बोंब ठोकतो. पण जगभरच्या पाहुण्यांसमोर, थेट स्टेजवरच लॅपटॉपने दगा दिला तर?

नोव्हेंबर 2005. ट्युनिसमध्ये माहिती समाजावरची जागतिक शिखर परिषद, आयोजनात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ पुढे. तिथे एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी हिरवागार, खेळण्यासारखा लॅपटॉप काढला. गरीब देशांतल्या मुलांसाठी, किंमत फक्त 100 डॉलर! वीज नसेल तर हँडल फिरवा. कोफी अन्नान यांनी फिरवलं, आणि ते चक्क त्यांच्या हातातच आलं.

शेवटी लॅपटॉप तयार झाला तेव्हा अंगावरचं हँडल गायब होतं आणि किंमत जवळपास दुप्पट. 2006मध्ये आपल्या मनुष्यबळ विकास खात्याने सरळ नाही म्हटलं. तरी 2007मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत तो पोचलाच. वीसेक मुलं, एकच गुरुजी आणि प्रत्येकाला स्वतःचा लॅपटॉप. उन्हातही दिसणारा स्क्रीन, कॅमेरा, नेट नसतानाही शेजारच्या लॅपटॉपशी गप्पा! जेलस? थोडीशी, हो.

पेरूने तर असे लॅपटॉप लाखोंनी घेतले. पण 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांचं गणित आणि भाषा सुधारल्याचं काही दिसलं नाही. मला नवल वाटलं नाही. आमच्या शाळेतही कॉम्प्युटर होते की! शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून खोलीला वर्षभर कुलूप.