मुचकुंदाला जागवताना

चवथीच्या आधी आठ-दहा दिवस गोव्यातील अनेक बंद घरांची कुलपे निघतात. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला किंवा त्याहूनही दूर गेलेली मंडळी मूळ घरी परततात. दार उघडल्याबरोबर कोणी चूल पेटवीत नाही. आधी खिडक्या उघडल्या जातात, कोळिष्टके काढली जातात, विहिरीचे पाणी उपसले जाते, उंदरांनी विजेची तार कुरतडली नाही ना, हे पाहिले जाते. आणि मगच देवापुढे दिवा लागतो. घराच्या बाबतीत अंगवळणी पडलेला हा विवेक यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्याला सुचत नाही. वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार दिसली, की नवी बॅटरी जोडावी आणि किल्ली फिरवावी, एवढाच विचार मनात येतो. ही घाई किती महागात पडू शकते आणि तिला वेळीच आवर घातला तर काय साधते, याचे एक उदाहरण अलीकडे आमच्या पाहण्यात आले. उदाहरण दूरदेशीचे आहे. पण त्यातून मिळणारा धडा आपल्या दारातला आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

इंग्लंडमधील स्विंडन या शहरी गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. तिथे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ राहतात. म्हापशाच्या एका गॅरेजात त्यांनी तरुणपणी उमेदवारी केली. आता ते तिथल्या एका गोदामात नोकरी करतात. त्यांच्या शेजारच्या वृद्ध विधवा बाईंच्या आवारात एक छपरी आहे आणि त्या छपरीत १९७२ सालची एम. जी. बी. ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार पाव शतकाहून अधिक काळ झाकून ठेवलेली होती. या जातीच्या मोटारी १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून अधिक तयार झाल्या, आणि त्यांचे सांगाडे याच स्विंडन शहरात बनत. म्हणजे ही गाडी एका परीने आपल्या माहेरीच झोपी गेली होती.

आमच्या स्नेह्यांनी बॉनेट उचलले आणि त्यांना ओळखीचे काहीतरी दिसले. आपल्याकडच्या ॲम्बॅसडर गाडीत अनेक वर्षे जे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते, त्याच कुळातले हे १७९८ घन सेंटिमीटरचे थोरले भावंड. म्हापशाला असताना असली इंजिने त्यांनी कितीदा उघडली आणि मिटली असतील, याची गणती नाही. पण या ओळखीच्या चेहऱ्यावर एक अनोळखी अवयव होता. एक्झॉस्टच्या नळीला गोगलगायीच्या शंखासारखे एक लोखंडी पात्र जोडलेले होते. तो टर्बोचार्जर होता. कारखान्याने एम. जी. बी.ला तो कधीच दिला नव्हता. बाईंचे दिवंगत पती व्यवसायाने फिटर होते; १९८०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी तो स्वतःच्या हातांनी बसवला होता.

त्या काळात टर्बोचे मोठे वेड होते. कल्पना मात्र जुनी. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबावी, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती निघेल, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंटबद्ध केली. जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांत ती रुळली. १९६२ साली अमेरिकेत ती विक्रीच्या मोटारीत आली. १९७३ साली बी. एम. डब्ल्यू.ने आणि पुढे पोर्शे व साब यांनी युरोपात तिला प्रतिष्ठा दिली. १९७७ साली रेनोने टर्बो इंजिनाची गाडी फॉर्म्युला वन शर्यतीत उतरवली, तेव्हा घराघरांतल्या हौशी कारागिरांचेही हात शिवशिवू लागले. स्विंडनचे ते फिटर त्यांपैकीच एक.

बाईंच्या मुलाला गाडी चालू करून पाहायची होती. बॅटरी आणून ठेवलेली होती. आमच्या स्नेह्यांनी ती जोडू दिली नाही. त्यांचे म्हणणे असे, की साधे इंजिन अशा घाईत एखादे वेळी वाचेल; टर्बो वाचणार नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि तो लोखंडावर टेकलेला नसतो. तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल त्याला इंजिनाकडून मिळते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, की तेल निथळून तळाशी जाते आणि दांडा कोरडा पडतो. अशा वेळी किल्ली फिरवली, तर तेलाचा पहिला थेंब वर पोचण्याआधीच बेअरिंगला इजा होऊ शकते. भागवतातील मुचकुंदाची कथा वाचकांना स्मरत असेल. गुहेत निजलेल्या त्या राजाला कालयवनाने लाथ मारून उठवले आणि स्वतःची राख करून घेतली. उठवणाऱ्याने आधी निजलेला कोण आहे, हे ओळखायचे असते.

मग जे काम सुरू झाले, ते चार महिने, शनिवार-रविवारचे. प्रथम सांगाडा पाहिला. या गाडीला वेगळी चासी नसते. दारांखालच्या पोकळ पट्ट्याच तिचा भार पेलतात आणि गंज नेमका तिथेच आतून लागतो. दमट हवेत लोखंडाचे काय होते, हे कोकणच्या माणसाला वेगळे सांगायला नको. एका बाजूची पट्टी कापून नवी जोडावी लागली. त्यानंतर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, आठवडाभर ते मुरू दिले आणि मग इंजिन हाताने हळूहळू फिरवून पाहिले. ते फिरले. जुने तेल आणि जुने पाणी काढून टाकले. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. त्यामुळे चाकांजवळचे ब्रेकचे पिस्टन आतून गंजून जखडले होते, ते सोडवले. क्लचची प्लेट चिकटली होती, ती सोडवली. टायर दिसायला धड होते. पण रबराचे वय डोळ्यांना दिसत नाही. ते सरळ टाकून दिले.

पेट्रोलच्या टाकीत राळेसारखा चिकट गाळ साचला होता. इथे मुचकुंदाच्या कथेचा उत्तरार्ध आठवतो. राजा गुहेतून बाहेर आला, तेव्हा त्याने पाहिले की माणसे आणि झाडे लहान झाली आहेत, युग पालटले आहे. ही गाडी झोपली, तेव्हा पंपावर शिसेमिश्रित पेट्रोल मिळत असे. ब्रिटनमध्ये त्याची सर्वसाधारण विक्री २००० साली बंद झाली. जुन्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका त्या शिशामुळेच झिजण्यापासून वाचत. आता तिथे कठीण धातूच्या कड्या बसवाव्या लागल्या. २०२१पासून तिथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्याकडे तर हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते, कुजवते आणि ओल ओढून घेते. म्हणून सगळ्या नळ्या नव्या घातल्या.

येथवर सारे पुस्तकात होते. या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका आजही मिळते आणि सुटे भागही मिळतात. खरी अडचण पुढे होती. मूळ पेट्रोल पंप कुणीतरी काढून ठेवला होता आणि त्याची गंजून पार दशा झाली होती. मुलाने पुस्तकात पाहून तसाच नवा पंप मागवला होता. तो बसवायचा, एवढेच बाकी होते. पण हवा आत नेणाऱ्या नळीपासून निघालेली एक बारीक नळी पेट्रोलच्या वाटेवरच्या एका डबीला जोडलेली आमच्या स्नेह्यांच्या नजरेस पडली. ती पुस्तकातल्या कोणत्याच चित्रात नव्हती. त्यांनी पाना खाली ठेवला आणि बाईंना विचारले, की तुमच्या यजमानांनी काही लिहून ठेवले आहे काय?

बाईंनी स्वयंपाकघरातल्या खणातून एक शाळकरी वही काढून दिली. तीत घरखर्चाचे हिशेब होते आणि शेवटच्या दोन पानांवर पेन्सिलीने लिहिलेले काही आकडे होते. टर्बोचा दाब पाच पौंड. पेट्रोलचा दाब त्याहून नेहमी तीन पौंड अधिक. पिस्टन कमी दाबणीचे घातले आहेत. ठिणगीची वेळ पुस्तकापेक्षा मागे ठेवावी. थांबल्यावर दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवून मगच बंद करावे.

या पाच ओळींचे मोल काय, ते वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. मूळचा पंप पेट्रोल जेमतेम तीन पौंडांच्या दाबाने ढकलतो. टर्बो जोरात आला, की कार्ब्युरेटरमध्ये हवेचाच दाब पाच पौंड होतो. मग पेट्रोल आत जाणार कसे? गावात सावकाश चालवताना काहीच कळले नसते. मोठ्या रस्त्यावर वेग घेताच इंजिनाला हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरे मिळाले असते. आतली उष्णता वाढली असती आणि क्षणार्धात पिस्टनला भोक पडले असते. ठिणगीची वेळ पुस्तकाप्रमाणे लावली असती, तरी गत तीच झाली असती. म्हणजे पुस्तकाचे तंतोतंत पालन करूनच ते इंजिन मेले असते. पुस्तक चूक नव्हते. ते दुसऱ्या गाडीचे होते. एकदा यंत्रात बदल केला, की कारखान्याची पोथी त्याला लागू पडत नाही. त्याची पोथी बदल करणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो गेला की ती त्याच्याबरोबर जाते.

पुढचे काम सोपे होते. अधिक दाबाचा पंप आला, त्या डबीतला रबरी पडदा नवा घातला. टर्बो उतरवून त्याची तेलाची नळी साफ केली. तीत जळक्या तेलाचा कोळसा साचला होता. दांडा हाताने हलवून पाहिला, तो फारसा खिळखिळा नव्हता. तेलाच्या वाटेने टर्बोत तेल ओतले. मग स्पार्क प्लग न लावता नुसत्या सेल्फवर इंजिन फिरवत राहिले, तोवर तेलाच्या दाबाचा काटा वर उठला. तेव्हा कुठे प्लग लावले गेले. गाडी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. प्रथम ब्रेक पाहिले, मग वेग. पहिले शंभर मैल टर्बोला जोर घेऊ दिला नाही.

काही जाणकारांनी सल्ला दिला होता, की टर्बो काढून गाडी मूळ रूपात आणावी, किंमत वाढेल. आपल्या देशात २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, तीही मूळ रूप राखले असेल तरच. त्यामागचा हेतू आम्हाला मान्य आहे. पण या गाडीपुरते बाईंचे म्हणणे आम्हाला अधिक पटले. मूळ रूपातल्या एम. जी. बी. हजारो आहेत, त्यांच्या यजमानांच्या हातची ही एकच आहे, असे त्या म्हणाल्या. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाडीत अलीकडच्या तीस वर्षांत मोठे फेरफार झाले नसतील, तर २०१८पासून तिला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही त्यांनी ती तपासणी करून घेतली. सक्ती नसली म्हणून जबाबदारी संपत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आता आपल्याकडे वळू. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातील खाणव्यवसाय थांबला, तेव्हा मांडवी-जुवारीच्या पात्रात बार्जेस ओळीने नांगरून पडल्या. दर पावसाळ्यात मच्छीमारी बंदीच्या काळात ट्रॉलर धक्क्याला लागतात. त्यांतल्या इंजिनांत आमच्या मेस्त्रींनी किती फेरफार केलेले असतात! मूळ भाग मिळाला नाही म्हणून दुसऱ्याचा बसवलेला, नळी दुसरीकडून फिरवलेली, कुठे एक वॉशर अधिक घातलेला. हे सारे ज्ञान त्या एका माणसापाशी असते. तो सांगतो, शागीर्द ऐकतो, निम्मे विसरतो. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिचे इंजिन कानाने जोखणारे मेस्त्री आता पिकल्या केसांचे झाले आहेत. त्यांना लिहिण्याची सवय नाही, आणि त्यांच्याकडून लिहून घ्यावे, असे आम्हा लिहित्यांना कधी वाटले नाही. यात दोष त्यांचा कमी आणि आमचा अधिक आहे.

उपाय खर्चाचा नाही. यंत्रात जो कोणी बदल करील, त्याने तो एका वहीत मांडावा: काय बदलले, का बदलले, आणि आता कोणता आकडा खरा. ती वही यंत्राजवळ राहावी. ज्यांच्या घरी जुनी मोटार, पंप किंवा होडीचे इंजिन पडून आहे, त्यांनी किल्लीला हात लावण्याआधी ते ज्याच्या हाताखालून गेले, त्या मेस्त्रीचे घर गाठावे, त्याच्यापाशी तासभर बसावे आणि तो सांगेल ते उतरवून घ्यावे. उद्या ते शक्य असेलच, असे नाही.

स्विंडनची ती वही आता खणात नसते, गाडीतच असते. पेन्सिलीच्या त्या दोन पानांनंतर आमच्या स्नेह्यांनी तिसरे पान लिहिले आहे. नवा पंप कोणता, व्हॉल्व्हच्या कड्या केव्हा बसवल्या, पेट्रोल कोणते घालावे, याची नोंद त्यात आहे. खाली तारीख आहे आणि पुढची पाने कोरी ठेवली आहेत.