भाकरीतील लोहाचे माप



मी रसायनशास्त्र कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण उसाच्या फडात आणि रात्री टोळीच्या कोपीत कंदिलाशी बसून झाले. तरीही बाजरीच्या दाण्यातील लोह कसे मोजतात, या विषयावर आज बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण बीडच्या ऊसतोड्याचा मोजमापाशी संबंध जन्माचा असतो.

मी लहान असताना वडिलांची बैलगाडी एका कारखान्याच्या काट्यावर चढली. भरलेली गाडी तोलली तेव्हा मी खाली उभा होतो. ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा तोलली तेव्हा मी गाडीत बसलो होतो. काट्यावरचा माणूस काही बोलला नाही. भरल्या वजनातून रिकामे वजन वजा झाले आणि त्याबरोबर माझ्या अंगाचे वजनही उसातून वजा झाले ! मजुरी टनावर. रात्री वडिलांनी हिशेब केला, तेव्हा कुठे आम्हाला ते उमगले. रिकाम्या गाडीचा तोल चुकला तर सगळाच हिशेब चुकतो, हा धडा मी तेव्हा शिकलो. प्रयोगशाळेतही हाच धडा चालतो.

आता बाजरीकडे वळू. 2012 साली महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ नावाचे बाजरीचे वाण प्रसारित झाले आणि 2014 साली ते देशभर मान्य झाले. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेच्या सहकार्याने ते तयार झाले. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते असे सांगतात. नेहमीच्या वाणांत ते याहून बरेच कमी असते. दिवसाला 400 ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या बाईला किलोला 45 मिलिग्रॅमच्या बाजरीतून 18 मिलिग्रॅम लोह मिळेल. 70 च्या बाजरीतून 28. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या रक्ताच्या दृष्टीने हा फरक थोडा नव्हे. पण हे 45 आणि 70 आले कोठून ?

पहिली पायरी नमुन्याची. यंत्राला लागते जेमतेम अर्धा ग्रॅम पीठ. त्यावरून सगळ्या पोत्याचा निवाडा व्हावयाचा असतो. म्हणून पोत्याच्या वरची, मधली आणि तळाची अशा मुठी घेऊन त्या नीट मिसळाव्या लागतात. दुसरी पायरी स्वच्छतेची. आपली काळी माती लोहाने भरलेली आहे. मातीत शेकडा पाच भाग लोह धरले, तर एक किलो बाजरीत फक्त एक ग्रॅम धूळ राहिली तरी 50 मिलिग्रॅम लोह वाढलेले दिसेल. म्हणजे खळ्यावरची मळकी बाजरी कागदावर धनशक्तीला मागे टाकील ! आणि ते धुळीतले लोह अंगी लागेलच असे नाही. ही लबाडी पकडण्याची युक्ती मोठी नामी आहे. त्याच नमुन्यातील ॲल्युमिनियमही मोजतात. मातीत ॲल्युमिनियम पुष्कळ, दाण्यात अगदी नाममात्र. ते जास्त निघाले की समजावे, दाण्याबरोबर माती तोलली गेली.

तिसरी पायरी दाणा विरघळवण्याची. पीठ तीव्र नत्राम्लात तापवले की पिष्ट, प्रथिने वगैरे जळून जातात आणि धातू द्रवात उरतात. त्यात शुद्ध पाणी घालून ठराविक माप करतात. कॉफीच्या कच्च्या बियांतील तांबे, लोह इत्यादी धातूही याच रीतीने मोजले जातात.

आता प्रत्यक्ष माप. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत पिवळी होते, हे आपण घरोघर पाहतो. प्रत्येक धातूचा प्रकाश निराळा. आणि जो प्रकाश तो देतो, तोच तो शोषूनही घेतो. ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी 1955 साली या गुणावरून मोजमापाची रीत मांडली. द्रवाचे तुषार ज्योतीत सोडतात, लोहाचाच दिवा पलीकडून लावतात आणि ज्योतीने त्यातला किती प्रकाश गिळला ते पाहतात. लोहाचे प्रमाण ठाऊक असलेले द्रव आधी मोजून घेतात. ती आपली शिक्का मारलेली वजने समजा.

आणि रिकामी गाडी ? पीठ न घालता तेवढेच आम्ल, तेवढेच पाणी, तसेच भांडे घेऊन तेही मोजतात. समजा, अर्धा ग्रॅम पिठाचा द्रव 25 मिलिलिटर केला. लिटरला 1.46 मिलिग्रॅम लोह दिसले. रिकाम्या द्रवात 0.06 दिसले. उरले 1.40. त्यावरून 25 मिलिलिटरात 0.035 मिलिग्रॅम, म्हणजे किलोला 70. हा हिशेब चौथीतल्या मुलालाही पाटीवर समजावून देता येईल.

पण दाण्यातले लोह हे रक्तातले लोह नव्हे. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींवर सहा महिने प्रयोग झाला. त्याचा अहवाल 2015 साली प्रसिद्ध झाला. काहींना लोहयुक्त बाजरी दिली, काहींना साधी. ज्यांच्या अंगात आरंभी लोह कमी होते, त्यांची उणीव भरून निघण्याचे प्रमाण लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांत साध्या बाजरीच्या दीडपटीहून अधिक आढळले. म्हणजे भाकरीचे माप रक्तापर्यंत पोहोचू शकते. मात्र आमच्या फडावर पहाटे भाकरी कोऱ्या चहाबरोबर खाल्ली जाते, आणि चहा-कॉफी लोहाला आतड्यात अडवते. चहा तासाभराने घ्यावा, भाकरीबरोबर लिंबू असावे. एवढ्यानेही फरक पडतो.

टोळ्या गावी परतण्याचे हे दिवस. दसऱ्याला निघताना आणि परतल्यावर प्रत्येक बाईच्या रक्ताचे माप व्हावे, आणि धान्य वाटले जाईल तेथे त्याचे माप फलकावर लिहिले जावे, अशी आमची मागणी आहे. काट्यावरचा आकडा आम्ही झगडून पाहावयास शिकलो. आता ताटातला आकडाही विचारू. आणि विचारताना, रिकामी गाडी नीट तोलली होती का, हेही विचारावयास विसरणार नाही.