शेल्ट नदीच्या दोन तीरांची चुरस

अँटवर्प हे नाव जैन व्यापारी घरांना परके नाही. मूळच्या पालनपूरच्या आणि मुंबईत स्थिरावलेल्या हिरे व्यापाऱ्यांच्या पेढ्या १९६० च्या दशकापासून तेथे मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. शहराच्या विल्राइक भागात संगमरवरी जिनालयही आहे. मात्र ज्या बेल्जियममध्ये हे शहर वसले आहे, त्याचे शेजारच्या नेदरलँड्सशी असलेले नाते अनेकांना फुटबॉलच्या बातम्यांपुरतेच ठाऊक असते.

त्या बातम्याही रंजक आहेत. ३० एप्रिल १९०५ रोजी या दोन देशांचा पहिला अधिकृत सामना झाला तो अँटवर्पमध्येच. त्यानंतर ते शंभराहून अधिक वेळा परस्परांसमोर आले. १९७३ च्या नोव्हेंबरात अ‍ॅमस्टरडॅमला बेल्जियमचा शेवटच्या क्षणीचा गोल पंचांनी नाकारला. संपूर्ण पात्रता फेरीत एकही गोल न स्वीकारलेला हा संघ घरी बसला आणि डच संघ १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. बेल्जियममधील जुनी मंडळी तो नाकारलेला गोल अजून विसरलेली नाहीत.

परंतु दोन्ही समाजांच्या स्वभावातील अंतर समजून घ्यायचे, तर सोळाव्या शतकात जावे लागते. तेव्हा अँटवर्प युरोपातील अग्रगण्य व्यापारी बंदर होते. सर्व देशांच्या व्यापाऱ्यांसाठी १५३१ मध्ये तेथे बाजारभवन उभारले गेले. १५८५ मध्ये स्पेनच्या फौजांनी शहर जिंकले. प्रॉटेस्टंट रहिवाशांना चार वर्षांची मुदत मिळाली : धर्म बदलावा, अथवा मालमत्ता विकून निघून जावे. काही वर्षांतच शहराची वस्ती सुमारे निम्म्यावर आली. जे गेले, त्यांतील पुष्कळांनी उत्तरेकडे अ‍ॅमस्टरडॅम गाठले. १६०२ मध्ये तेथे स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भांडवलात या दक्षिणी व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. ताळेबंदाच्या भाषेत एका शहराचा तोटा तो दुसऱ्याचा नफा, असे म्हणता येईल. पण ज्या कुटुंबाला चार वर्षांत दुकान, घर आणि येणी पडेल भावाने निकालात काढावी लागली, त्याचा हिशेब कोणत्याही वहीत पुरा मांडता येत नाही.

पुढे डचांनी शेल्ट नदीचे मुख रोखून धरले आणि अँटवर्पचा सागरी व्यापार सुमारे दोनशे वर्षे गुदमरला. नदीवरील डच जकात तर १८६३ मध्ये रोख रक्कम मोजून सोडवून घ्यावी लागली. उत्तर प्रॉटेस्टंट राहिली, दक्षिण कॅथलिक. १८१५ मध्ये दोघांना एका राजाच्या छत्राखाली आणले गेले. पण २५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रसेल्समधील एका संगीत नाटकाच्या प्रयोगानंतर प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि त्या उठावातून बेल्जियम स्वतंत्र झाला.

बेल्जियमच्या उत्तर भागातील फ्लेमिश लोक डच भाषाच बोलतात. तरीही परस्परांच्या दूरचित्रवाणी मालिकांना अनेकदा त्याच भाषेतील उपशीर्षके द्यावी लागतात. फ्लेमिश माणूस घरगुती बोलण्यात वापरतो ते ‘तू’साठीचे सर्वनाम उत्तरेत जुन्या बायबलातले वाटते. डच माणूस मनातले तोंडावर सांगतो. फ्लेमिश माणसाला तो उद्धटपणा वाटतो. डचांच्या काटकसरीवर बेल्जियममध्ये विनोद होतात. डचांची दुपार पाव आणि चीजवर भागते, तर दक्षिणेत जेवण निवांत चालते. बटाट्याच्या तळलेल्या कापांचा बेल्जियमला मोठा अभिमान; परंतु पारंपरिक पद्धतीत ते गोवंशाच्या चरबीत तळले जातात. कंदमुळाचा प्रश्न त्याआधीचाच! डच चीजमध्येही वासराच्या जठरातील विरजण असू शकते, तेव्हा प्रवाशाने चौकशी करूनच घ्यावे.

हिऱ्यांच्या बाबतीतही दोन्ही शहरांची स्पर्धा होती. १९०५ मध्ये सापडलेला कलिनन हिरा १९०८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅशर पेढीने फोडला. तेथील हिरे कारागीर बहुतांश ज्यू होते. नाझी राजवटीत नेदरलँड्समधील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू मारले गेले आणि तो उद्योग पुन्हा पूर्वपदावर आला नाही. अँटवर्पमध्ये परतलेल्यांनी बाजार सावरला. तेथे आजही सौदा पक्का होताना ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारून हात मिळवला जातो. जैन व्यापारीही तोच शब्द उच्चारतात. जांगड मालाच्या व्यवहारात वाढलेल्यांना अशा शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. नवी सवय करावी लागली ती घड्याळाची : जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात पाचच्या आत. चौविहार करणाऱ्या घरात जेवणाची वेळ ऋतूप्रमाणे पाच तासांनी सरकते.

अँटवर्पच्या ईशान्येस बार्ले हे गाव आहे. तेथे नेदरलँड्सच्या भूमीत बेल्जियमचे बावीस तुकडे विखुरलेले असून सीमारेषा घरांमधून, दुकानांमधून जाते. घर कोणत्या देशाचे, हे मुख्य दरवाजा कोठे उघडतो त्यावरून ठरते आणि घराच्या क्रमांकाच्या पाटीवर त्या देशाचा ध्वज असतो. दरवाजा दोन हात सरकवला, की पाटी बदलते.