जुन्या फटफटीची कडकड: टायमिंग चेनच्या टेन्शनरचा जुगाड कधी चालतो, कधी महागात पडतो?

असोद्याहून जळगावच्या बाजाराकडे निघालेल्या जुन्या सीडी १०० वर मागे भरताच्या वांग्यांची गोणी असते, खाली इंजिनातून बारीक कडकड ऐकू येते. ‘जुनी गाडी आहे, वाजणारच,’ असे म्हणून ती अनेकदा सोडून दिली जाते. पण हा आवाज टायमिंग चेनचा असेल, तर दुर्लक्ष परवडत नाही.

कोणत्या गाड्यांना ही चेन असते?
राजदूत १७५, येझदी, आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक इंजिने. त्यांना व्हॉल्व्ह उघडणारा कॅमच नाही, मग चेन कुठली! जुन्या बुलेटमध्ये कॅम आहे, पण तो गिअरवर फिरतो. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर यांचा कॅम मात्र वर हेडमध्ये असतो. खालचा क्रँक त्याला चेनने फिरवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक.

टेन्शनर काय करतो?
चेनची पिन आणि बुश झिजली की तिची लांबी वाढते, ती सैल पडते. सीडी १०० मध्ये स्प्रिंगवरचा दांडा रोलरच्या हाताला ढकलून ही ढील काढतो. दांड्यामागचे ऑइल धक्के शोषते. स्प्रिंग बसली, दांड्याच्या टोकाचे रबर झिजले किंवा ऑइल कमी झाले, की चेन आतून आपटू लागते.

आवाज ओळखायचा कसा?
एकसारखी टिकटिक बहुधा टॅपेटची असते. आयडलवर किंवा रेस सोडताना साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर टेन्शनरवर संशय घ्यावा. आधी ऑइलची पातळी आणि टॅपेट तपासावे. हे काम सर्वांत स्वस्त.

जुगाड कोणते?
स्प्रिंग ताणून बसवणे किंवा तिच्यामागे वायसर टाकणे हा पहिला. आवाज लगेच थांबतो. पण झिजलेली चेन तशीच राहते आणि रोलरवर जास्त दाब येतो. सुटलेले रबराचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकले, तर कॅमला ऑइल कमी पडते.

दुसरा जुगाड म्हणजे आपोआप चालणारा टेन्शनर काढून आटे पाडलेला बोल्ट आणि लॉकनट बसवणे. मूळ भाग मिळत नसेल तर हा उपाय चालतो. मात्र अंदाजाने कसून चालत नाही. इंजिन तापले की ॲल्युमिनियमचे हेड लोखंडी चेनपेक्षा जास्त प्रसरण पावते, चेन आणखी ताणली जाते. म्हणून थंड इंजिनावर किंचित ढील ठेवावी आणि ती वरचेवर तपासावी.

बदलायचे काय?
दांडा पुरेपूर बाहेर येऊनही चेन सैल असेल, तर टेन्शनरचा दोष नाही. चेनच संपली आहे. अशा वेळी चेन, दोन्ही चकत्या, रोलर, स्प्रिंग आणि रबर एकत्रच बदलावे. नव्या चेनला जुन्या झिजलेल्या चकत्या लवकर खातात. बसवताना मॅग्नेटवरील ‘टी’ची खूण आणि वरच्या चकतीची गोल खूण जुळवावी. किक मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात. चेन एखादा दात जरी सरकली तरी टायमिंग चुकते. जास्त सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात.

‘व्हिंटेज’ म्हणायचे का?
२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते आणि ती रोजच्या वापरासाठी चालत नाही. १९८५ ची सीडी १०० त्यात अजून बसत नाही. त्यामुळे रोज बाजारापर्यंत ओझे वाहणारी गाडी म्हणूनच तिची दुरुस्ती करावी. आवाज दाबण्यावर खर्च करण्यापेक्षा तो कशामुळे येतो हे मिस्त्रीकडून उघडून पाहिलेले बरे.