आधी काय बंद पडायचं?

पहाटे 5.45

खोपटला राहणाऱ्याला गजर लावावा लागत नाही. एसटी स्टँडातून लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या की उठायचं. चहा होईपर्यंत मी जेवणाच्या टेबलावर आराखडा पसरून बसतो. लाल रेघ बॅटरीकडून येणारी, काळी अर्थची, निळी रेडिओची. कालच्या दोन रेघा खोडायच्या, एक नवी काढायची. "अहो, तुमचं विमान उचला, पोहे येतायत," असं आतून आलं की घडी घालायची.

विमान खरोखरचं आहे. दोन माणसांचं, फायबरचं. परदेशातून किट मागवून वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात त्याची जोडणी चालली आहे. मालक पस्तिशीचा, नोकरी कॉम्प्युटरची, खिशात वैमानिकाचा परवाना. माझी उमेदीची वर्षं एअर इंडियाच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये गेली. 747 मध्ये 115 व्होल्ट, 400 सायकलची वीज. या पोराच्या विमानात सगळा कारभार 12 व्होल्टचा. शेजारच्यांना वाटतं, म्हणजे रिक्षाचंच वायरिंग. व्होल्ट तेवढेच, हे मान्य. पण रिक्षाच्या वायरिंगकडून दिवा लागावा एवढीच अपेक्षा असते. इथे मी दिवसभर वेगळाच हिशेब करत असतो: एकेक गोष्ट बंद पडत गेली, तर ती कुठल्या क्रमाने पडावी?

8.15

रिक्षाने नितीन कंपनीवरून वागळे इस्टेट. आज शुक्रवार, आमच्या गल्लीतले बाकीचे गाळे बंद. शेजारचा ग्राइंडर थंड असला की लोखंडाचा कीस उडून कनेक्टरमध्ये बसत नाही, म्हणून नाजूक कामं मी शुक्रवारवर टाकतो.

पावसाळ्यात ठाण्याची हवा तांब्याची वैरीण. उघडी ठेवलेली तार बघता बघता काळवंडते. म्हणून आमच्या तारेच्या प्रत्येक पदरावर कथिलाचा मुलामा असतो, पितळेच्या पातेल्याला कल्हई असावी तसा. वरचं आवरण टेफझेलचं, 150 अंशांपर्यंत टिकणारं. सुरुवातीला मालकाने लोहार चाळीतून मोटारीच्या वायरीची गुंडाळी आणली होती. त्यातला वीतभर तुकडा मी गाळ्याबाहेर लायटरने पेटवून त्याच्या नाकाखाली धरला. पीव्हीसीचा धूर घशात गेला की वाद संपतो. तो तुकडा विझल्यावर मी त्याला स्विसएअर 111 बद्दल सांगितलं. 2 सप्टेंबर 1998, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं विमान, कॉकपिटच्या वरच्या बाजूला तारेतून ठिणगी, तिने पेटलेलं उष्णतारोधक अस्तर, आणि नोव्हा स्कॉशियाजवळ समुद्रात गेलेली 229 माणसं. गुंडाळी आता एका दुकानाच्या साइनबोर्डला गेली.

9.00

बॅटरी. सीलबंद, शिशाची, आम्ल काचेच्या लोकरीत शोषून घेतलेलं. 16 अँपिअर-अवर, वजन सात किलोच्या आसपास. मालकाला लिथियम हवी होती, ती तेवढ्याच कामाला अडीच-तीन किलोत येते. माझ्या डोळ्यांपुढे 2013 चा जानेवारी आला. बोस्टनच्या विमानतळावर उभ्या ड्रीमलायनरची बॅटरी पेटली, नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसरं विमान धुरामुळे तातडीने उतरवावं लागलं, आणि जगभरची 787 जमिनीला खिळली. आपल्या एअर इंडियाचीही सहा. "काका, त्यातलं रसायन वेगळं होतं," मालकाने लगेच सांगितलं, आणि ते खरंच आहे. निकाल शेवटी रसायनाने लागलाच नाही. वजन-तोलाच्या कागदावर सीटच्या मागे वजन कमी पडत होतं. शिसं जिंकलं.

सीटच्या मागे बॅटरी म्हणजे स्टार्टरपर्यंत तीन मीटर तार. शरीर फायबरचं, त्यामुळे धातूच्या विमानासारखी परतीची वाट बॉडीतून मिळत नाही. तीन मीटर जायला, तीन यायला. स्टार्टर क्षणभर शंभर अँपिअर खेचतो असं धरलं, तर 16 चौरस मिलिमीटरच्या तारेत पाऊण व्होल्टच्या आत घट येते. चालेल. दहाची घातली असती तर एक व्होल्टच्या पुढे गेली असती, आणि थंड सकाळी आधीच खाली बसलेल्या बॅटरीला तेही जड जातं. सगळ्या काळ्या तारा इंजिनमागच्या भिंतीवर एकाच पितळी पट्टीवर आणायच्या. जागोजाग अर्थ घेतला, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी हेडफोनमध्ये ऐकू येते आणि ती शोधण्यात महिने जातात.

बॅटरीला अगदी खेटून मास्टर कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच. तो खेटूनच का? कारण बॅटरीपासून त्याच्यापर्यंतची तार ही विमानातली अशी तार, जिला फ्यूज नसतो आणि जी कधी मरत नाही. ती जितकी आखूड तितकं बरं. कॉन्टॅक्टर सुटला की पुढची तीन मीटर निर्जीव. विमान वेडंवाकडं उतरलं आणि पेट्रोल सांडलं, तर हीच गोष्ट कामाला येते.

माझा मदतनीस पोऱ्या एरवी स्टँडजवळ टॅक्सी-रिक्षांची वायरिंगं करतो, हात सोन्याचा. त्याने काल बाजारातून कॉन्टॅक्टर आणला. दिसायला हुबेहूब, किंमत निम्म्याहून कमी. "काका, सेम टू सेम." मी त्याला दोन्हींच्या कॉइल मीटरवर मोजायला लावल्या. त्याच्या कॉइलचा रोध कितीतरी कमी निघाला. तो स्टार्टरचा सोलेनॉइड होता, दहा सेकंद जोर लावायचा आणि सुटायचं एवढ्याचसाठी बनलेला. मास्टरची कॉइल सलग तीन-चार तास ओढलेली असते. तिथे हा बसवला तर तासाभरात हात लावता येणार नाही. आकडे बघून पोऱ्या गप्प झाला, आणि मग स्वतःच कॉइलवर उलटा डायोड लावायची आठवण केली. कॉइल सुटताना जो झटका मागे मारते, तो डायोड गिळतो. नाहीतर स्विचचे पॉइंट खड्डे पडून जातात. हे त्याला मी गेल्या आठवड्यात सांगितलं होतं.

11.00

क्रिम्पिंग. पोऱ्याला डाग द्यायची सवय. रोजच्या कामात त्याने पक्का डाग देऊनच नाव कमावलंय, तेव्हा "डाग नको" हे त्याला अपमानासारखं वाटतं. पण कथील वितळलं की पदरांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि इंजिनाच्या थरथरीत तार नेमकी तिथे तुटते जिथे ताठपणा संपतो. दाबून बसवलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, तारेला लवचिक ठेवतो, पण दाब नेमका हवा. म्हणून रॅचेटची पक्कड, पुरती दाबल्याशिवाय न सुटणारी.

खात्रीसाठी आमच्याकडे सामान तोलायचा लटकता काटा आहे. 22 गेजच्या तारेच्या जोडाने जवळपास सात किलो ओढ सोसली पाहिजे. प्रत्येक नव्या डब्यातले दोन लग आम्ही मुद्दाम तुटेपर्यंत ओढतो. आज पहिला नऊला गेला, तोही लगापाशी नाही, तार मध्येच तुटली. असाच तुटायला हवा.

12.45

चहा. चहावाल्याला विमान उडायची आमच्यापेक्षा जास्त घाई. आज त्याने पुन्हा तळपद्यांच्या विमानाचा विषय काढला: 1895, चौपाटी, राइट बंधूंच्या आधी. मराठी माणसाला ही गोष्ट सोडवत नाही, मलाही लहानपणी सोडवली नव्हती. पण त्या उड्डाणाचा समकालीन पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही, आणि ज्या वैमानिकशास्त्राशी ते नाव जोडतात, त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असं बंगळुरूच्या विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी 1974 मध्येच लिहून ठेवलंय.

मी त्याला कांदिवलीला नेतो. कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली 2017 मध्ये, व्हीटी-एनएमडी. उडवायची परवानगी 2019 मध्ये, आणि चाचणी 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर. गच्ची, क्रेन, कागद, धुळे, ही कहाणी चौपाटीपेक्षा मला जास्त भारी वाटते. हिच्यात बोल्ट आहेत. चहावाल्याचं लक्ष एकाच आकड्यावर: "म्हणजे बांधून झाल्यावर पण चार वर्षं?" मालकाने कप खाली ठेवला.

2.00

डबा. मग वहीतला जमाखर्च.

इंजिन रोटॅक्स 912. त्याच्या पोटातलं जनरेटर साधारण 250 वॉट देतं, म्हणजे अठरा अँपिअर. खर्चाच्या बाजूला पॅनेलवरचा आकडे दाखवणारा पडदा दीड, ट्रान्सपाँडर एक, रेडिओ ऐकताना अर्धा आणि बोलताना दोन, जादा इंधनपंप दोन, टोकांचे लुकलुकणारे दिवे चार, उतरायचा दिवा तीन, कॉन्टॅक्टरची स्वतःची कॉइल जवळपास एक. बोलताना धरून साडेचौदा. उरलेल्यात रिकामी झालेली बॅटरी भरायची. त्यावर मालकाला सीट गरम करायची गादी हवी आहे. ठाण्यात. मी वहीत ती ओळ लिहिलीच नाही.

4.00

खरा वाद पॅनेलवर. त्याला स्विचांची लांबलचक रांग हवी, मोठ्या विमानासारखी. मी रोज दोन कमी करतो. माझं म्हणणं, जनरेटर मेलं, रात्र आहे, घाम फुटलाय, अशा वेळी हाताने दोनच गोष्टी कराव्यात: मास्टर बंद, आणि त्याच्या शेजारचा लाल टोपीचा स्विच चालू.

त्या लाल टोपीमागे आमचा सगळा आराखडा आहे. बसबार म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारी पट्टी. मुख्य बसबारपासून वेगळा एक निकडीचा बसबार, त्यावर फक्त पडदा, रेडिओ, ट्रान्सपाँडर. एरवी त्याला मुख्य बसबारकडूनच डायोडमधून वीज मिळते. संकटात लाल स्विच त्याला थेट बॅटरीशी जोडतो आणि डायोड ती वीज मागे जाऊ देत नाही. कॉन्टॅक्टरही सुटलेला असतो, तेव्हा त्याचा एक अँपिअरही वाचतो. तीन अँपिअरचा खर्च, सोळा अँपिअर-अवरची बॅटरी. ती म्हातारी होऊन निम्मी राहिली तरी अडीच तास. इंजिनाला यातलं काही लागत नाही. त्याच्या ठिणगीची वीज त्याच्याच कॉइलमधून येते आणि मुख्य इंधनपंप यांत्रिक आहे. पूर्ण अंधार झाला तरी पंखा फिरत राहतो.

"आणि दिवे?" मालक.

"दिवे पहिले जातील. तेच पहिले जायला हवेत."

त्याने नकाशा स्वतःकडे ओढला, बराच वेळ बघितला, आणि उतरायच्या दिव्याला निकडीच्या बसबारवर जागा मागितली. रात्री उतरताना शेवटच्या दोन मिनिटांसाठी. मागणी रास्त आहे. एक फ्यूज वाढवला.

5.30

पहिल्यांदा वीज सोडायची. बॅटरी थेट जोडायची नाही. कॉन्टॅक्टर वगळून बॅटरीतून बसबारला जी तार, तिच्या मध्ये रिक्षाच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब. ही युक्ती पोऱ्याची, स्टँडावरची, आणि मी शॉपमध्ये पाहिलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त. कुठे शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो, तार जळत नाही. सगळे फ्यूज काढून ठेवले, उपकरणं बाहेर. एकेक फ्यूज घालायचा.

पडदा: अंधार. ट्रान्सपाँडर: अंधार. पंप: अंधार. रेडिओ: बल्ब भगभगीत.

रेडिओ अजून खोक्यात आहे, म्हणजे दोष कनेक्टरमध्ये. टोपण उघडून भिंगाखाली धरलं. माइकच्या तारेवरच्या जाळीचा एक पदर, केसाएवढा, वळून विजेच्या पिनला टेकला होता. पदर कापला, जाळीवर आकसणारी नळी चढवून हीटगनने बसवली. पुन्हा फ्यूज. अंधार. पोऱ्याने टाळी दिली. वायरमनला अंधाराचा आनंद असा क्वचितच होतो.

बॅटरीची काळी तार आधी काढली, मग लाल. वहीत तारीख, तार क्रमांक, दोष, उपाय, दोघांच्या सह्या. उद्या तपासायला येणारा माणूस आधी वही मागतो, विमान नंतर.

7.40

खोपट. जिन्यातच सोसायटीचे चेअरमन उभे. लिफ्टच्या इन्व्हर्टरची बॅटरी धरत नाही, कंपनीचा माणूस नवी घ्या म्हणतो. पिशवी खांद्यावरच होती. खाली जाऊन बघितलं तर टर्मिनलवर पांढरट-हिरवं पीठ साचलंय, पाण्याची पातळी प्लेटच्या खाली. गरम पाणी, सोडा, जुना टूथब्रश, वर व्हॅसलीन. डिस्टिल्ड वॉटर सकाळी आणा म्हटलं.

"विमानाचं वायरिंग करता ना तुम्ही?" चेअरमननी विचारलं. "मग गच्चीवरच्या टाकीच्या मोटरचं पण बघून घ्या."