ऊब पाहणारे मिश्रण

शहादे तालुक्यातील पुरुषोत्तमनगर येथे एप्रिलच्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, दिवसभर तापलेल्या भिंतीजवळ उभे राहिले तर हात न लावताही तिची धग गालाला जाणवते. भिंतीतून किरण बाहेर पडत असतात, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. हे अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला, पारा चढला आणि या किरणांचा शोध लागला.

मग साध्या कॅमेऱ्याला ही भिंत अंधारात का दिसत नाही? कॅमेऱ्यातील सिलिकॉन हा अर्धवाहक आहे. त्यातील बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला ठराविक ऊर्जा लागते. तिला आपण ऊर्जा-अंतर म्हणू. प्रकाशकणाची ऊर्जा त्याहून कमी असेल तर तो पदार्थातून तसाच आरपार जातो. हिशेब सोपा आहे. १.२४ला ऊर्जा-अंतराने (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) भागले, की ओळखता येणारी सर्वांत मोठी तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर सुमारे १.१ आहे, म्हणून त्याची मर्यादाही सुमारे १.१ मायक्रॉन. आपल्या शरीरातून निघणारे किरण मात्र ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. त्यांच्यासाठी ऊर्जा-अंतर सुमारे ०.१ हवे.

पूर्वी अशा किरणांसाठी जर्मेनियममध्ये दुसऱ्या मूलद्रव्याचा अंश मिसळून शोधक बनवीत. पण ते फारच खोल थंड करावे लागत. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत विल्यम लॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. कॅडमियम टेल्युराइडचे ऊर्जा-अंतर सुमारे १.५ असते, तर मर्क्युरी टेल्युराइडमध्ये ते जवळजवळ नसतेच. दोघांची स्फटिकरचना एकसारखी आहे आणि अणूंमधील अंतरात फक्त ०.३ टक्क्यांच्या आसपास फरक आहे. त्यामुळे ते कोणत्याही प्रमाणात मिसळतात. म्हणजे प्रमाण बदलून हवे ते ऊर्जा-अंतर मिळवता येते! हे काम १९५९ साली प्रसिद्ध झाले.

शंभर धातू-अणूंपैकी सुमारे वीस कॅडमियमचे व बाकीचे पाऱ्याचे असले, तर थंड स्थितीत ऊर्जा-अंतर ०.१च्या जवळ येते. कॅडमियम तीस टक्के केले तर ३ ते ५ मायक्रॉनचे किरण टिपता येतात. हवेतून अवरक्त किरण सहज पार होणारे दोन मोठे पट्टे साधारण ३ ते ५ व ८ ते १४ मायक्रॉनचे आहेत. एकाच मिश्रणाने दोन्ही साधले.

युक्ती सोपी वाटली तरी कृती अवघड. पारा बंद क्वार्ट्झ नळीत तापवला, की त्याच्या वाफेचा दाब इतका वाढतो, की नळी फुटण्याचा धोका असतो. शिवाय मिश्रण गोठताना कॅडमियम सारखे पसरत नाही. वीसच्या जागी एकवीस टक्के कॅडमियम झाले, तर मर्यादा जवळजवळ दोन मायक्रॉननी सरकते.

तिसरी अडचण उष्णतेची. ऊर्जा-अंतर लहान असल्याने पदार्थाच्या स्वतःच्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन मोकळे होतात व खरा संकेत त्या गोंगाटात हरवतो. म्हणून असा शोधक बहुधा द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात.

याच मिश्रणाचे एक उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार करवून घेतलेले ‘टिर्स्पेक’ हे उपकरण २०१३ साली लडाखमधील हानले येथील २ मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीवर बसवण्यात आले. त्याच्या शोधकात १०२४ गुणिले १०२४ बिंदू आहेत आणि तो १ ते २.५ मायक्रॉनचे किरण टिपतो. धुळीच्या ढगांमागे झाकलेले नवजात तारे अशा किरणांत दिसू शकतात.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. बहुतेक मोबाइलमध्ये दिवा चमकताना दिसेल, कारण ते किरण ०.९४ मायक्रॉनचे आहेत. मग अंधारात तापलेली इस्त्री दुरूनच त्याच कॅमेऱ्याला दाखवावी. हाताला धग लागते, पडदा मात्र काळाच! असे का, हे विद्यार्थ्यांनाच १.२४च्या सूत्राने काढू द्यावे. २०० अंश सेल्सिअसच्या इस्त्रीचे किरण ६ मायक्रॉनच्या सुमारास सर्वांत तीव्र असतात, एवढेच त्यांना सांगावे.