जुन्या मोटारगाडीतील डायनॅमो : पुनर्बांधणी आणि पुनर्वायरिंग – एक विवेचन

प्रस्तावना :
मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व आपले विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु उघडलेला डायनॅमो समोर ठेवल्यास त्यातील कोणता भाग कोणते कार्य करतो, हे सांगताना ते अडखळतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातून आलेल्या सुरुवातीच्या फियाट गाड्या, तसेच महिंद्राच्या जुन्या जीप यांत डायनॅमोच असे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. त्यामुळे या यंत्राचा विचार आज केवळ इतिहासापुरता उरत नाही. प्रस्तुत लेखात त्याची रचना, दोषनिदान व दुरुस्ती यांचा क्रमशः परामर्श घेतला आहे.

रचना व कार्यतत्त्व :
डायनॅमोच्या पोलादी कवचात दोन पोल शू व त्यांभोवती क्षेत्र-गुंडाळ्या असतात. मध्यभागी पट्ट्याने फिरणारे आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले कार्बन ब्रश असतात. पोल शूमधील अवशिष्ट चुंबकत्वामुळे प्रारंभी अल्प विभवांतर निर्माण होते. तेच क्षेत्र-गुंडाळीत धारा पाठवून चुंबकत्व वाढविते. स्वयं-उत्तेजनाचे हे तत्त्व १८६७ मध्ये सीमेन्स व व्हीटस्टोन यांनी स्वतंत्रपणे जाहीर केले. इंजिनाच्या गतीनुसार विभवांतर वाढत असल्याने नियंत्रण-पेटीतील रेग्युलेटर क्षेत्र-परिपथात रोध घालून त्यास आवर घालतो. तर कट-आउट हा बॅटरीतील धारा डायनॅमोत उलट वाहू देत नाही.

दोषनिदान :
ल्युकास पद्धतीच्या डायनॅमोवर ‘डी’ (मुख्य) व ‘एफ’ (क्षेत्र) अशी दोन टोके असतात. दोन्ही तारा सोडवून ही टोके एकमेकांस जोडावीत आणि ती व कवच यांदरम्यान व्होल्टमीटर लावून इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. विभवांतर न अडखळता चढले पाहिजे. मात्र ते २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये. वाचन शून्य असल्यास ब्रश तपासावेत. सुमारे १ व्होल्ट असल्यास क्षेत्र-गुंडाळी, तर ४-५ व्होल्टवर थांबल्यास आर्मेचर संशयास्पद मानावे. डायनॅमो निर्दोष ठरल्यास दोष वायरिंगमध्ये किंवा नियंत्रण-पेटीत शोधावा. हा क्रम न पाळता डायनॅमो उघडणे म्हणजे रोग न ओळखता शस्त्रक्रिया करणे होय.

पुनर्बांधणी :
जुने वाइंडिंग उकलण्यापूर्वी तारेचा गेज, प्रत्येक गुंडाळीतील वेढे, खाचांमधील अंतर व कम्युटेटरवरील जोडणीचे स्थान यांची लेखी नोंद अनिवार्य आहे. ल्युकास सी-४० या १२ व्होल्टच्या प्रकारात क्षेत्र-परिपथाचा रोध सुमारे ६ ओहम असतो. म्हणजे १२ व्होल्टला २ अँपिअर धारा. वेढे कमी भरल्यास रोध घटतो, धारा वाढते आणि रेग्युलेटरचे संपर्कबिंदू जळतात. दोन्ही क्षेत्र-गुंडाळ्यांनी परस्परविरुद्ध ध्रुव निर्माण केले पाहिजेत. एक गुंडाळी उलट जोडली गेल्यास नवे वाइंडिंग असूनही विद्युतनिर्मिती होत नाही.

कम्युटेटर बारीक काचकागदाने साफ करावा, एमरी कागदाने नव्हे. कारण एमरीचे कण तांब्यात रुतून ब्रश झिजवितात. पट्ट्यांमधील अभ्रक तांब्याच्या पातळीखाली कोरावे. शेवटी, पट्टा काढून डायनॅमोस क्षणभर बॅटरी जोडल्यास तो मोटारीसारखा फिरतो. जनित्र व मोटार यांचे तत्त्वतः एकत्व दर्शविणारा हा प्रयोग वर्गातही परिणामकारक ठरतो.

पुनर्वायरिंग :
कापडी वेष्टनाची जीर्ण तार बदलताना धारेनुसार जाडी निवडावी. सी-४० ची कमाल धारा सुमारे २२ अँपिअर आहे. मुख्य तारेच्या एखाद्या सैल जोडात केवळ ०.०५ ओहम रोध असला तरी १.१ व्होल्ट वाया जातात आणि तेथे सुमारे २४ वॅट उष्णता निर्माण होते. आगीचा धोका असतो तो येथेच. गाडीचे कवच धन टोकास जोडलेले आहे की ऋण, हे आधी निश्चित करावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते बहुधा धन असे. त्यानुसार नियंत्रण-पेटीच्या तारा जोडण्यापूर्वी ‘एफ’ टोकास बॅटरीच्या कवचास न जोडलेल्या टोकाची तार क्षणभर स्पर्शून ध्रुवता द्यावी. ही कृती ल्युकास पद्धतीची आहे. ज्या डायनॅमोत क्षेत्र-गुंडाळी आतून मुख्य टोकास जोडलेली असते, तेथे ती करू नये.

समारोप :
डायनॅमो काढून अल्टरनेटर बसविणे सोपे आहे आणि मंद गतीतही तो अधिक धारा देतो, हे मान्यच करावे लागेल. तथापि त्या अदलाबदलीत गाडीचे मूळ स्वरूप आणि ते सांभाळणारे कौशल्य ही दोन्ही हरपतात. वणीसारख्या कापूस व कोळशाच्या परिसरात शेतीपंपाच्या मोटारींचे वाइंडिंग करणारे कारागीर आहेत; त्यांच्या हातात कसब आहे, आपल्या पुस्तकांत त्याची मीमांसा आहे. भौतिकशास्त्र विभागाने भंगारातील एखादा डायनॅमो प्रयोगशाळेत आणून अशा कारागिरास सन्मानाने पाचारण केल्यास दोन्ही बाजूंना लाभ होईल. अन्यथा सूत्र उत्तरपत्रिकेत उरेल आणि कसब त्या कारागिरासोबतच संपेल.